अंबाडीला लागलेली अळी

ओवीचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ निघालं. डॉक्टरांनी टॉनिकची तपकिरी बाटली लिहून दिली आणि म्हणाले, "हिरव्या पालेभाज्या खाऊ घाला." जणू आमची अडीच वर्षांची ओवी रोज ताट पुढे सरकवून पालक मागते आणि मीच हात आखडून वाढते. पालेभाजीचा घास ती गालात धरून ठेवते, माझी पाठ वळायची वाट बघते आणि मग तो सोफ्याच्या फटीत नेऊन ठेवते. टॉनिकचं तर विचारूच नका. ते ती फुर्रकन उडवते. आमच्या घरातल्या पडद्यांचं हिमोग्लोबिन एव्हाना उत्तम झालं असणार.

"दोन महिन्यांनी परत रक्त बघू," डॉक्टर म्हणाले. "वाढलं तर ठीक. नाहीतर पुढचं बघू."

पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मोबाइलनं सांगितलं, आणि ते वाचून मी मोबाइल डाळीच्या डब्यामागे पालथा घालून ठेवला.

त्याच आठवड्यात माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. नाल्याच्या पाण्यावरची मेथी, रंगात बुचकळलेली भेंडी, मागे रडकं संगीत, खाली 'दहा जणांना पाठवा'. मी एकालाच पाठवला, नवऱ्याला. आदिनाथ लातूरला नोकरी करतो, शनिवारी रात्री उदगीरला घरी येतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तो नुसता अंगठा असतो. त्यानं अंगठा पाठवला.

मग मी ठरवलं, भाजी घरीच पिकवायची. गच्चीवर. मी बी.एस्सी. आहे, बॉटनी, प्रथम श्रेणी. पानाचा आडवा छेद मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पान उगवायचं कसं, एवढंच तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं.

मोबाइलमधल्या पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "मैत्रिणींनो, अगदी कमी खर्चात!" आणि त्यांनी कोकोपीट, गांडूळखत, कापडी कुंड्या आणि छोटंसं ठिबक अशी यादी वाचली. तेवढ्या पैशात मला मेथी विकणारी मावशीच दत्तक घेता आली असती. तेव्हा आमच्या घरमालकीण बेगमबींकडे गेले. त्या खाली राहतात, त्यांच्या मुलाची, जिलानीची, बेकरी आहे, आणि बेकरीत तेलाचे रिकामे डबे पडलेले असतात.

"डब्बे कायकू होना, बेटी?"

"भाजी लावायची आहे, खाला."

"डब्बे में?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओवीकडे बघितलं, आणि बिचारीची आई अशी आहे म्हणून असेल, सात डबे फुकट दिले. बेगमबींचा स्वतःचा पुदिना मोरीजवळ फुटक्या घमेल्यात असतो. त्याला त्या भांड्याचं खरकटं पाणी ओततात, त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि तो निर्लज्जासारखा माजलेला असतो.

मातीचा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. ते मुखेडजवळ गावाकडे असतात. फोनवर म्हणाले, "माती इकत घेतीस? लोकं हसतील की. आपल्या रानातली पाठवतो. सोनं हाय ती माती." सोनं सासूबाईंबरोबर एसटीनं आलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. या आत्या नात सांभाळायला म्हणून दोन महिने राहायला आल्या, एका हातात पिशवी आणि पायाशी गोणी. स्टँडवर उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य: "मातीचं तिकीट काढाया लावलं त्या मुडद्या कंडक्टरनं. म्हणलं, बाबा, हिला खिडकी तरी दी मग."

ती काळीभोर माती मी डब्यांत भरली. पाणी घातलं तर चिखल झाला. दोन दिवसांनी वाळली तर अशी भेगाळली की ओवीनं एका फटीत तिची बाहुली उभी केली. तिसऱ्या दिवशी डबा उपडा केला, तर डब्याच्या आकाराची वीट बाहेर आली. बेगमबी जिन्यात बसून हसल्या. "अगे, काली मिट्टी खेत में अच्छी. डब्बे में पत्थर होती. रेती मिलाव, लेंडी मिलाव." लेंडी म्हणजे शेळीची. ती त्यांच्या भावाकडून आली, तीही फुकट. पुण्याच्या बाईंच्या यादीत लेंडी नव्हती.

मग बी. दुकानातलं पाकीट फोडलं तर पालकाचं बी गुलाबी. म्हणजे औषध लावलेलं! मी ते तीन पाण्यांनी धुतलं.

"बी धुतीस?" आत्यांनी विचारलं.

"केमिकल आहे ते, आत्या. आपल्याला सगळं सेंद्रिय करायचंय."

"सेंद्रिय म्हंजी?"

मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्या चार एकर रान चाळीस वर्षं कसणाऱ्या बाई, लक्षपूर्वक ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी आमच्या सासूच्या टायमाला व्हतं तसं. मंग तसं म्हण की." नंतर मी धने पेरायला घेतले तेव्हा म्हणाल्या, "चपलीनं रगड." मला वाटलं पाऊण तासाचा राग काढला. पण त्यांनी खरंच पायातली चप्पल काढली, धने फरशीवर पसरले आणि रगडून एकेकाचे दोन केले. "आख्खा धना उगवत न्हाई, बाई. तुमच्या कालेजात चप्पल न्हवती का?"

पदराच्या गाठीतून त्यांनी चिमूटभर काळपट बीही काढलं. "अंबाडी हाय. घरची."

"अंबाडी नको, आत्या. ती तर बांधावर उगवते."

"मंग डब्यात काय रडंल का?" असं म्हणून त्यांनी तीन डबे बळकावले.

आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी. म्हणून ओवीला परातीत बसवून आंघोळ घालायची आणि ते पाणी वर न्यायचं, असा माझा शास्त्रीय पाणीपुरवठा होता. महिनाभरानंतरची स्थिती अशी: पालक दोन पानांवर आला, थोडा विचार केला आणि गेला. कोथिंबीर उगवली ती आडवी झोपली, उठलीच नाही. टोमॅटोचं एकच रोप, त्याला पिवळी फुलं येत आणि माझी चाहूल लागली की गळत. अंबाडी तेवढी तीनही डब्यांत वीतभर, हातभर, लाल देठांची, अशी टरारली की मला अपमान वाटला.

पण म्हटलं, अपमान तर अपमान. अंबाडीत लोह असतं. एक वाटी भाजी होईल एवढी पानं झाली की ओवीला भरवायची. रक्ताची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. रोज संध्याकाळी मी पानं मोजायची.

आणि ती कमी व्हायला लागली.

आधी खालची पानं गेली. मग मधली. काही अर्धीच कुरतडलेली, कडेला अर्धगोल. माझ्यातली प्रथम श्रेणी जागी झाली. मी भिंग घेऊन बसले. "पानं खाणारी अळी आहे," मी जाहीर केलं. "चावा बघा. कुरतडणारे जबडे आहेत."

आत्या तांदूळ निवडत होत्या. "लई मोठी आळी आसंल मग."

"मोठीच आहे. पण दिसत कशी नाही?"

"दिसंल की. नीट बघितल्यावर."

इथं आत्यांच्या भाषेतली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या तोंडी औषध म्हणजे पिकावर मारायचं ते. माणसाला देतात ती गोळी, इंजेक्शन नाहीतर टानिक. माणसाला औषध दिलं असं त्यांच्या गावात कुणी म्हणालं, तर आधी पोलीस पाटलाला बोलावतात. मी आपली दोन्हींना औषधच म्हणायची, आणि त्या महिन्यात दोन्ही जोरात चालू होती. अंबाडीवर मी राख मारली. आंबट ताक मारलं. निंबोळीचा अर्क मारला, त्या वासानं जिलानीनं खालून ओरडून विचारलं, काय मेलंय का वर. इस्त्रीची फवारणीची बाटली या कामी कायमची गेली. आत्या रोज विचारायच्या, "आज कोणचं औषध?" जसं लोक विचारतात, आज कोणती भाजी.

पानं तरीही जातच होती. तारीख आठ दिवसांवर आली, आणि माझं सेंद्रिय शेतीवरचं प्रेम उतू जाऊन गॅसवर सांडलं. कुणाला न सांगता मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले.

गल्ल्यावर विरूपाक्ष नावाचा माणूस होता, कानाला फोन. "बोला ताई. पीक?"

"अंबाडी."

"किती एकर?"

"तीन." मी पिशवी सावरली. "डबे."

त्यानं फोन कानावरून काढला. दुकानात बी घ्यायला आलेले चार शेतकरी होते, ते माझ्याकडे वळले. त्यातला एक म्हणाला, "विमा उतरवला का, ताई?"

विरूपाक्षनं एक छोटी बाटली पुढे केली. मी आधी त्रिकोण बघितला. लाल असता तर घेतलीच नसती, मी काय अडाणी आहे? निळा होता. म्हणजे मध्यम विषारी. मध्यम! पुण्याच्या बाई ऐकताय ना? "मारल्यावर किती दिवसांनी खायची?" मी विचारलं. तो म्हणाला, "पालेभाजीला मारतच नसतेत हे. पण तुमची अंबाडी, तुमचे डबे."

मी बाटली आणली आणि माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात लपवली. रविवारी आत्या देवळात गेल्या की मारू, तीन दिवस थांबू, धुऊ, उकळू, पाणी टाकू, परत उकळू. नाल्याच्या मेथीला नावं ठेवणारी बाई असा हिशेब करत होती, आणि तिला तो पटतही होता.

शनिवारी सकाळी मात्र मी हरले. बाजारात गेले आणि अंबाडीची जुडी विकत घेतली. हो, बाजारातली. कुणी बघू नये म्हणून पिशवीत खाली दडवली, वर बटाटे. तेवढ्यात मोबाइलमध्ये नवाचा गजर वाजला, ओवीच्या टॉनिकचा. एरवी टॉनिक मीच द्यायची, आत्या तेव्हा आंघोळीला गेलेल्या असायच्या; आज गर्दीतूनच त्यांना फोन लावला.

"आत्या, नऊ वाजले. औषध द्यायचं राहिलंय."

"आँ?"

"औषध, औषध! कपाटातली तपकिरी बाटली. आधी हलवा. आणि थोडं थुंकलं, सांडलं तरी चालेल, पण सगळ्यांत आधी ते काम करा."

मागे कांद्यावाला ओरडत होता. आत्या म्हणाल्या, "हाव हाव, देते की. तू ये सावकाश."

मी सावकाश आले. गेटातून वर बघितलं तर ओवी गच्चीच्या जाळीपाशी उभी, आजी शेजारी कपडे वाळत घालतेय. किती सुंदर दृश्य. वर गेले.

"आत्या, औषध दिलं?"

"दिलं की. समद्यास्नी दिलं. येक पान सोडलं न्हाई. खालून बी मारलं, वरून बी मारलं."

मी इस्त्रीच्या बाटलीकडे बघितलं. ती ओली होती. अंबाडी ओली होती. आणि अंबाडीच्या मधल्या डब्यापाशी माझी मुलगी उकिडवी बसली होती, दोन्ही हातांनी फांदी वाकवून, डोळे बारीक करून, कचाकचा पानं खात होती. चावा अर्धगोल. कुरतडणारे जबडे, दुधाचे, सोळा.

"ओवी!"

तिनं दचकून उरलेलं पान एकदम तोंडात कोंबलं. माझी पाठ वळलेली नसताना ती पहिल्यांदाच पकडली गेली होती.

मी तिला उचललं, बोट घालून तोंडातलं काढलं, ती माझं बोट चावली, आत्या ओरडल्या, "आगं काय करून राहिलीस लेकराला!" मी काहीच न ऐकता जिना उतरले. एक चप्पल वरच राहिली. खाली बेगमबी दारात.

"क्या हुआ?"

"औषध! पानांवर औषध होतं, खाला, हिनं खाल्लं. मीच आणलं होतं. मीच!"

बेगमबींनी माझा दंड असा धरला की मी जागच्या जागी थांबले. जिलानीला हाक मारली, "गाडी निकाल!" मग मला म्हणाल्या, "बोतल ले के आ. डाक्टर पयले पूछता, कौनसी दवा. बोतल बगैर जाके क्या करेंगी?"

एवढ्या शिकलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. ओवीला त्यांच्या कडेवर टाकून मी वर धावले. स्टूल, माळा, खोकं, आकाशकंदील. बाटली होती. तशीच. झाकणावरचं सीलही न फुटलेलं.

मी स्टुलावरच बसले. आत्या खाली उभ्या होत्या, हातात माझी चप्पल घेऊन.

"आत्या," मी विचारलं, "तुम्ही कोणतं औषध मारलं?"

"तूच सांगितलंस की. कपाटातली तपकिरी बाटली. हालवून. दोन झाकणं टाकली पाण्यात."

"ते ओवीचं टॉनिक होतं."

आत्यांनी थोडा विचार केला. "तरीच वास गोड यायलता. म्या म्हणलं, हिचं समदंच सेंद्रिय, औषध बी सेंद्रियच आसंल." मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या बाटलीकडे गेली. वाचता येत नसलं तरी चाळीस वर्षांत त्यांनी तो त्रिकोण पुष्कळ पाहिला होता. "आन् ही कसली?"

त्यांनी चप्पल खाली ठेवली, बाटली माझ्या हातातून घेतली आणि पदराच्या टोकानं आपला हात पुसला. मला एखादी शिवी चालली असती.

जिलानीला गाडी आत घ्यायला सांगून मी ओवीला परत वर आणलं. ती बेगमबींकडचा टोस्ट खात होती आणि मधेमधे हुंदका देत होती, कारण तिचं खरं दुःख पान काढून घेतल्याचं होतं. मी आत्यांना विचारलं, "ती पानं खाते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"रोज खाती की. दुपारी तू मोबाइलवर झाडाचं बघत आसतीस तवा. शेळीवानी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू आळी कोण हाय म्हणून इचारत व्हतीस. पोरगी काय खाती म्हणून कुठं इचारलंस?" त्या तिथंच बसल्या, ओवीला मांडीवर घेतलं. "आन् सांगितलं आसतं तर काय केलं आसतंस? तीनदा धुतलं आसतंस, उकळलं आसतंस, वाटीत घालून मागं पळाली आसतीस. मग खाल्लं आसतं का तिनं? चोरून हाय म्हणून तर ग्वाड हाय."

मला आठवलं, निंबोळीचा अर्क मारला त्या दिवशी ओवीला जुलाब झाले होते. दोष मी बाहेरच्या पाण्याला दिला होता.

बाजारातली जुडी बेगमबींच्या भावाच्या शेळीला गेली. निळ्या त्रिकोणाची बाटली घेऊन आम्ही सोमवारी दुकानात गेलो. या वेळी आत्या बरोबर होत्या. विरूपाक्ष म्हणाला, "इकलेला माल परत घेत न्हाई, ताई. अळी गेली का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग मारा की."

आत्यांनी ओवीला उचलून काउंटरवर बसवलं. "ही बघ आळी," त्या म्हणाल्या. "मार."

त्यानं ओवीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि बाटली मुकाट्यानं मागच्या फळीवर ठेवली. पैसे मागायचं मलाच सुचलं नाही.

राहिलेल्या दिवसांत मी एकच गोष्ट केली. सकाळी टॉनिक चमच्यात न घेता अंबाडीच्या चार-पाच पानांवर बोटानं सारवायची. आंबटाबरोबर लोह अंगी लागतं, हे मी दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांसाठी लिहिलं होतं, तेव्हा ते कशासाठी असतं ते माहीत नव्हतं. मग ओवीला वर न्यायचं आणि मुद्दाम पाठ करून कपडे वाळत घालायचे. हे सगळ्यात अवघड होतं. मान आपोआप वळते. दोन दिवस एकच टॉवेल मी चार वेळा झटकला. मागून कचकच आवाज आला की काहीतरी गुणगुणायचं.

तारखेला रक्त दिलं. ओवी रडली, मी तिच्याहून जास्त. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद बघितला. "दहा पूर्णांक एक. छान! पुढचं काही बघायला नको." मला तिथंच बसकण मारावीशी वाटली, पण मी आधीच बसलेली होते.

"टॉनिकचा गुण आहे," ते म्हणाले. "नियमित दिलंत ना?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. "हाव साहेब. खालून बी दिलं, वरून बी दिलं. येक पान सोडलं न्हाई."

डॉक्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं: तेच चालू ठेवा.